एका बाहीचा कोट

चौदा मार्च रोजी विमा कंपनीच्या दावे विभागात एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे साठ रुपयांचा एक दावा आला. शिवणकामाचं दुकान, विजेच्या बोर्डातून ठिणगी, आतला सगळा माल खाक. पाच पानांचं निवेदन आणि बेचाळीस वस्तूंची यादी. जागेची पाहणी दोन दिवस आधीच झाली होती. आता यादी तपासून अहवाल लिहायचा, एवढंच काम उरलं होतं.

ते ज्यांच्या टेबलावर आलं ते सर्व्हेअर विभागात सगळ्यांत जुने. एकतीस वर्षं जळलेल्या खोल्या पाहण्यात गेली, म्हणून ऑफिसातली नवी मंडळी त्यांना पाठीमागे ‘राखकाका’ म्हणत आणि समोर ‘सर’. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चिकटले ते तिथेच. खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. जळलेल्या खोलीत शिरलं की पहिली पाच मिनिटं काहीही लिहायचं नाही, नुसतं उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि इतक्या वर्षांत त्यांचा एकही अहवाल परत आला नव्हता.

राखकाकांचा दुसरा धंदा म्हणजे कथा लिहिणं. धंदा म्हणायचं ते कमाई होती म्हणून नव्हे, ते तोही ऑफिसच्या शिस्तीनं करत म्हणून. पहाटे पाच ते सव्वासहा, आखीव वही, समासात तारीख. चौसष्ट कथा लिहिल्या, एकोणीस छापून आल्या, एक पुस्तक निघालं. त्याच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली होत्या. बायको केर काढताना म्हणायची, “अहो, तुमची ती माणसं जरा तिकडे सरकवा. खऱ्या माणसांचा केर काढायचाय.”

एका संपादकानं एकदा कथा परत पाठवताना पोस्टकार्डावर दोनच वाक्यं लिहिली होती: ‘सगळं पटतं. कुणाची काळजी मात्र वाटत नाही.’ ते कार्ड त्यांनी बायकोला दाखवलं नाही. फाडलंही नाही.

कथेबद्दल त्यांना जे काही कळलं होतं ते राखेतून कळलं होतं. खोटा दावा करणारा माणूस यादी करतो ती नीटनेटकी असते. कपाट, पंखा, टीव्ही, दागिने, मोठ्या किमतीकडून लहान किमतीकडे. प्रत्येक वस्तू कामाची. ज्याचं खरोखर जळलंय तो मात्र भलतंच काही सांगत बसतो. एका बाईनं अख्ख्या स्वयंपाकघराची यादी सोडून एका डब्याच्या झाकणासाठी अश्रू ढाळले होते, डबा आधीच हरवला होता तरी. एका दुकानदारानं गल्ल्याआधी भिंतीवरच्या उंचीच्या खुणा सांगितल्या होत्या, मुलगी दर वाढदिवसाला किती वाढली त्याच्या. बिनकामाची वस्तू दिसली की राखकाका समजायचे, माणूस खरा आहे. आणि मग त्यांनी हीच युक्ती कथेत वापरायला सुरुवात केली. वाचकही शेवटी सर्व्हेअरच असतो. त्यालाही जळलेलं घर स्वतः पाहता येत नाही. तुम्ही यादी देता आणि तो ठरवतो, विश्वास ठेवायचा की नाही.

जानेवारीपासून त्यांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी कथालेखनाचा वर्ग सुरू केला होता. नावं चौदा, येणारी नऊ. एक निवृत्त शिक्षक, दोन कॉलेजातल्या मुली, एक औषधविक्रेता, असे. खिडकीजवळ एक तिशीची बाई बसायची. ती फारशी बोलत नसे, पण वहीत गोल, टपोऱ्या अक्षरात सगळं उतरवून घ्यायची. ‘ल’ची शेपटी मात्र ओळीखाली लांब सोडायची.

पहिल्या रविवारी त्यांनी बिनकामाच्या वस्तूचा नियम सांगितला. दुसऱ्या रविवारी निवृत्त शिक्षकांनी स्वतःच्या बदलीची हकीकत सात पानं वाचली. तेव्हा राखकाकांनी दुसरा नियम सांगितला, जरा कडकच.

“घडलं तसं उचलून आणू नका. घडलेलं आणलंत की ती बातमी होते. इथे रचायचं. ‘हे खरंच झालं होतं, सर’ हे वाक्य या खोलीत चालणार नाही.”

“मग आमच्याकडे उरलं काय?” शिक्षक म्हणाले, आणि सगळे हसले.

तिसऱ्या रविवारी खिडकीजवळच्या बाईनं वही उघडली. अर्धं पानच होतं. एका शिंप्याच्या दुकानात एक कोट टांगलेला आहे. दुसरी बाही लावायची राहिली, कारण गिऱ्हाईक मापाला आलंच नाही. एकोणीस वर्षं आलं नाही. दर सहा महिन्यांनी शिंपी तो कोट उतरवतो, दारात नेऊन झटकतो, आणि पुन्हा त्याच खिळ्याला टांगतो. एवढंच.

राखकाकांच्या मनात पहिल्यांदा कौतुक आलं आणि लगेच मागोमाग थोडी असूया. चौसष्ट कथांत त्यांना असा कोट सुचला नव्हता.

“वा! आणि ते झटकणं. ते तर फारच छान. ही कल्पना आली कुठून तुम्हाला?”

बाईनं एकवार शिक्षकांकडे पाहिलं, मग वहीत. “सुचली, सर.”

“बघा,” ते वर्गाला म्हणाले, “याला म्हणतात रचणं.”

आता पुन्हा मार्च महिना आणि तो दावा. राखकाकांनी यादी वाचायला घेतली. शिलाई मशिनं दोन, इस्त्री, कापायचं टेबल, फळ्या: चौऱ्याहत्तर हजार दोनशे. गिऱ्हाइकांचं कापड आणि शिवून तयार कपडे: एक लाख नऊ हजार दोनशे साठ. मशिनांची पावती एका नातेवाइकाकडे सापडली होती. कापडाच्या नोंदवह्या जळाल्या होत्या, म्हणजे तो भाग सगळा निवेदनावर अवलंबून. निवेदन दुकानदारासाठी कुणीतरी लिहून दिलं होतं, खाली त्याची सही. आणि अनुक्रमांक सतरापाशी राखकाका थांबले.

‘एका बाहीचा कोट, करडा. किंमत काही नाही.’

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग अक्षर पाहिलं. गोल, टपोरं. त्या ओळीत ‘ल’ नव्हताच, पण वरच्या ओळीत ‘लोकरीचं’ होतं आणि त्यातल्या ‘ल’ची शेपटी लांब सुटली होती.

दुसरा एखादा सर्व्हेअर असता तर त्यानं ती ओळ ओलांडली असती. ज्या वस्तूची किंमत मागितलेलीच नाही तिच्याशी कंपनीला काय देणंघेणं? पण राखकाकांचं डोकं तिथे सुतावरून स्वर्गाला पोचलं. हा कोट त्यांच्या वर्गात रचला गेला होता, त्यांच्यासमोर. बिनकामाची वस्तू टाका म्हणजे ऐकणारा विश्वास ठेवतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. आणि शिकलेली विद्या बाईनं दाव्यात वापरली होती. एक वस्तू रचलेली, तर बाकीच्या एक्केचाळीस कशावरून खऱ्या?

ओळखीचं माणूस निघालं की फाईल परत करायची, असा नियम होता. तो त्यांना पाठ होता. पण चोर आपल्याच शाळेतला निघाल्यावर तो आपणच धरायचा, अशी काहीतरी खुमखुमी त्यांना आली. बावीस तारखेला त्यांनी अहवाल दिला. मशिनं आणि सामान घसारा वजा करून मान्य. कापड अमान्य. कारणाच्या रकान्यात: ‘अनुक्रमांक सतरा पाहता निवेदन रचलेले असल्याची खात्री पटते.’

संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणाले, “आज एक पकडला.”

“कोण?”

“शिंपी. लिहून दुसऱ्या कुणी दिलंय, पण माझ्या नजरेतून सुटतंय होय!”

“खोटं कशावरून म्हणता?”

“फार चांगलं लिहिलंय.”

बायकोनं वाढता वाढता हात थांबवला. “म्हणजे बिचाऱ्यानं वाईट लिहिलं असतं तर पैसे मिळाले असते?”

“तुला त्यातलं कळत नाही.”

“नसेल कळत. पण तुमच्या गोष्टी एवढ्या चांगल्या असूनही लोक विश्वास ठेवतात, तो तरी कशाला?”

त्यांनी विषय बदलला. आगीनंतरचे दोन्ही रविवार खिडकीजवळची जागा रिकामी होती, आता तिसराही तसाच गेला, आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला: चोराच्या मनात चांदणं.

दोन एप्रिलला शिंपी ऑफिसात आले. साठी ओलांडलेला, बारीक चणीचा माणूस. गळ्यात मापाची टेप तशीच, सवयीनं. पाहणीच्या दिवशी ते जळक्या दुकानात एका पालथ्या बादलीवर बसले होते आणि विचारलं तेवढंच बोलले होते. आजही त्यांनी आवाज चढवला नाही. नामंजुरीचं पत्र टेबलावर ठेवलं.

“बसा, मास्तर,” राखकाका म्हणाले.

“बसायला नाही आलो. पैशाचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, खिडकीवरच्या साहेबांनी सांगितलं की तुम्ही कोटावर बोट ठेवलंत. कोट खोटा आहे म्हणून.”

“ते निवेदन कुणी लिहिलं?”

“सुनेनं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. कोट घालू नको म्हणत होती. म्हणाली, बाबा, त्याचे पैसे मागायचे नाहीत तर कशाला? मी म्हटलं, जळलंय ते सगळं लिही. विचारलंय ना, काय काय जळलं?”

राखकाकांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“साहेब, उद्या तो गिऱ्हाईक आला तर मी त्याला काय सांगू? जळला म्हणून सांगितलं असतं, पाया पडलो असतो. आता तर तुम्ही म्हणताय, नव्हताच.” मास्तरांनी पत्र घडी करून खिशात घातलं. “एकोणीस वर्षं झटकलाय मी तो.”

ते गेले. झटकलाय, हा शब्द राखकाकांनी वर्गात ऐकला होता. तो सुनेचा आहे असं ते धरून चालले होते.

त्यांनी फाईल पुन्हा मागवली आणि पाहणीचे फोटो टेबलावर मांडले. चौतीस होते, त्यांनी स्वतः काढलेले. डावी भिंत सगळी काजळीनं काळी. मधे, माणसाच्या उंचीवर, एक फिकट जागा. वस्तू भिंतीला लागून टांगलेली असली की जळेपर्यंत ती मागच्या भिंतीवर काजळी बसू देत नाही. त्यांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. फोटोच्या मागे त्यांच्याच लाल पेनानं लिहिलं होतं: ‘डाग. कारण अज्ञात.’ त्यांनी भिंग घेतलं. दोन खांदे होते. उजवीकडे खाली गेलेला एक लांब पट्टा होता. डावीकडे काहीच नव्हतं.

दुपारी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन ते मास्तरांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी कुणाचं तरी मागून आणलेलं मशिन, त्यावर मास्तर. दार सुनेनं उघडलं.

“सर? तुम्ही इथे कसे?” मग तिची नजर त्यांच्या हातातल्या कंपनीच्या फाईलवर गेली आणि चेहरा उतरला. “तुम्ही आहात होय ते.”

“आत येऊ का?”

“या की. तुमच्यासाठी रचून ठेवलेलं घर आहे.”

मास्तर मशिनवरून म्हणाले, “अगं, पाणी दे त्यांना आधी.”

राखकाका खुर्चीच्या कडेवर बसले. “तुम्ही वर्गात म्हणालात, सुचला म्हणून.”

“मग काय म्हणणार होते? आदल्या रविवारी तुम्ही त्या गुरुजींना कसं बोललात ते ऐकलं होतं मी. खरं झालेलं आणायचं नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच, सर. मला सुचत नाही. मी बघितलेलं लिहिते. म्हटलं, सुचलं म्हणून सांगू, कोण येतंय तपासायला.” तिला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. “तपासायला तुम्हीच आलात.”

“तुम्ही मला सांगायचं होतं.”

“मी सांगायचं? की तुम्ही विचारायचं? तुम्हाला माझं अक्षर ओळखता आलं, सर. मग जिना चढून वर यायला किती पायऱ्या होत्या?”

मास्तर म्हणाले, “सूनबाई.”

“नाही बाबा, बोलू दे मला. गिऱ्हाइकं रोज दारात येतात. एकानं लग्नाचं कापड दिलं होतं. त्याला वाटतंय आम्ही कापड विकून खाल्लं आणि वर आग लागली म्हणून सांगतोय. कंपनीनंच खोटं म्हटल्यावर त्यानं तरी काय समजावं?”

राखकाका एकतीस वर्षं अशा खोल्यांमध्ये बसले होते, पण समोरच्याचं म्हणणं खरं आहे आणि आपण मात्र खोटे, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी फोटो काढून मास्तरांना दाखवला. मास्तरांनी तो उजेडाकडे धरला, पाहिला, आणि फोटोतल्या रिकाम्या खांद्यावर बोट ठेवलं. “हीच बाही राहिली होती,” ते म्हणाले आणि फोटो परत दिला.

उठताना राखकाकांच्या ऑफिसच्या पिशवीचा पट्टा मुळापासून सुटला आणि कागद जमिनीवर पसरले. मास्तरांनी काही न बोलता पिशवी घेतली, मशिनखाली सरकवली, दुहेरी टीप मारली आणि दात लावून दोरा तोडला. राखकाकांनी पाचशेची नोट पुढे केली.

“तीस झाले. सुट्टे नाहीत माझ्याकडे. द्या मागाहून.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ते टेबलाशी बसले, पण वहीऐवजी कंपनीचा कागद घेतला. फाईल पुन्हा उघडावी, असा अर्ज लिहायचा होता. पहिला मसुदा चांगला झाला. सुरुवातीला काळी भिंत होती, मधे डाग, शेवटी एक बाही. वाचून पाहिला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. माणसाचं कापड अडकलंय आणि आपण त्याची बांधणी करतोय. तो फाडला. दुसरा लिहिला तो असा: ‘निवेदन लिहिणारी व्यक्ती माझ्या परिचयाची होती, हे मी कळवले नाही. निवेदन खोटे ठरवताना मी पुरावा पाहिला नाही. पुरावा फोटो क्रमांक तेवीसमध्ये होता. चूक माझी आहे.’ चौसष्ट कथांत त्यांनी इतकं सपाट काही लिहिलं नव्हतं.

विभागप्रमुख त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

“सर, सात महिने राहिलेत तुमचे. हे हात दाखवून अवलक्षण कशासाठी? शिंप्याला तक्रार करू दे, वरून आदेश येऊ दे, आपण बदलू.”

“तो तक्रार करणार नाही. तो फक्त कोटाचं विचारून गेला.”

“आणि मला हे विचारावं लागेल, तुम्हालाही कळतंय. याआधी किती अहवालांत तुम्ही ‘रचलेले’ लिहिलंय?”

राखकाकांनी तो आकडा रात्रभर मोजला होता. “दोनशेच्या वर.”

“त्यातले किती असे?”

“माहीत नाही,” ते म्हणाले. आणि हेच त्यांना खात होतं. प्रत्येक वेळी त्यांनी वाचून ठरवलं होतं. चांगला वाचक म्हणून त्यांना अभिमान होता. यादी नीट आहे म्हणून खोटी म्हटलेली माणसं आता एकेक करून डोळ्यांपुढे येत होती. काही माणसं नीटच असतात. जळाल्यावरही नीट यादी करतात, कारण दुसरं काही हातात उरलेलं नसतं. हे त्यांना सुचायला हवं होतं. ते स्वतः तसेच होते.

फाईल बाहेरच्या एका सर्व्हेअरकडे गेली. निकाल लागेपर्यंत राखकाकांनी दावेदाराशी किंवा त्याच्या घरच्यांशी कसलाही संबंध, कसलाही व्यवहार ठेवायचा नाही, असं लेखी पत्र त्यांना मिळालं. त्याची पोच त्यांनी सही करून दिली. पुढच्या रविवारी वर्गात औषधविक्रेत्यानं विचारलं, “सर, घडलेलं नाही आणायचं म्हणता, मग आणायचं काय?” राखकाकांनी फळा पुसला. “मला वाटतं, मी घाई केली सांगायची,” ते म्हणाले. “आणा तुम्ही. मी ऐकतो.” निवृत्त शिक्षकांनी लगेच पिशवीतून सात पानं काढली, आणि राखकाकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

वर्ग सुटल्यावर ते जिना उतरत होते तेव्हा सून खाली वाचनालयाच्या दारात उभी होती.

“बोलायचं नाही आपण, माहितीये मला,” ती म्हणाली. “एकच विचारायचंय. नवीन साहेबांनी निवेदन पुन्हा लिहून मागितलंय. कोट लिहू की नको?”

लिहिला तर नवा सर्व्हेअर म्हणेल, पुन्हा तेच सजवलेलं. गाळला तर विचारेल, आधी होता तो कुठे गेला. राखकाकांना दोन्ही बाजू दिसत होत्या. एकतीस वर्षं दोन्ही बाजू पाहण्याचाच त्यांना पगार मिळाला होता. नियमानं त्यांनी तोंड उघडायला नको होतं.

“मास्तर काय म्हणतात?”

“बाबा म्हणतात, जळलंय ते सगळं लिही.”

“मग तसंच लिहा.”

“आणि त्यांनी नाही विश्वास ठेवला तर?”

ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

त्याला अडीच महिने झाले. नव्या सर्व्हेअरचा अहवाल आलेला नाही. राखकाकांचे जुने दोनशे अकरा अहवाल एका समितीकडे दिले आहेत. पहाटे ते उठतात, टेबलाशी बसतात, समासात तारीख घालतात. पुढे काही लिहीत नाहीत. बायकोनं एकदा विचारलं, “काय हो, माणसं संपली का?” तेव्हा ते म्हणाले, “नाही. आता काळजी वाटते त्यांची.” त्यावर तिनं चेष्टा केली नाही.

मास्तरांशी व्यवहार करायची त्यांना अजून परवानगी नाही. पिशवीच्या पट्ट्याचे तीस रुपये द्यायचे राहिले आहेत.